दसऱ्यापर्यंत थांबलेला प्रोसेसर

चंद्रप्रकाश परबांनी आयुष्यात एकही विमान चालवलं नाही, पण त्यांच्या हातांकडे बघत थांबलेल्या विमानांची गणतीच नाही. सहारच्या विमानतळावर ते मार्शलर होते. उतरलेलं विमान वळत वळत आपल्या जागेपाशी येतं तेव्हा वैमानिकाला नाकाखालची जमीन दिसत नाही. समोर एक माणूस दोन्ही हातांत बॅटी घेऊन उभा असतो आणि खुणेनं सांगतो, डावीकडे घे, सरळ ये, हळू ये. शेवटी तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो आणि विमान थांबतं. नोकरी संपेपर्यंत चंद्रप्रकाशनी हेच केलं. नातेवाइकांत कोणी विचारलं की त्यांची बायको मालन सांगायची, "ते विमानां थांबयतत." त्यात थोडा अभिमान असायचा आणि थोडी चेष्टाही.

इतकी विमानं समोरून बघितलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र कधी बघायला मिळाली नव्हती, ती म्हणजे विमानातून समोर काय दिसतं. प्रवासी म्हणून बसलं तर बाजूच्या खिडकीतून पंख दिसतो आणि ढग दिसतात. निवृत्तीनंतर मुलानं, सुबोधनं, आपला जुना कंप्युटर घाटकोपरच्या घरी आणून बसवला, त्यावर विमान चालवायचा सिम्युलेटर टाकून दिला आणि जॉयस्टिक जोडून दिली. सुरुवातीला चंद्रप्रकाश नुसते हसले. मग हळूहळू त्यांची दुपारची झोप गेली, पेपर वाचणं गेलं, सोसायटीच्या मीटिंगा गेल्या. पंतनगरच्या त्या घरावरून खरी विमानं उतरायला जात, त्यांच्या आवाजानं गॅलरीची काच थरथरे, आणि आत बसलेले चंद्रप्रकाश आपलं खोटं विमान कधी गोव्याला तर कधी कोचीला नेऊन उतरवत. त्यांचा हात चांगला बसला होता.

घोडं पेंड खात होतं ते चिपीला. चिपी म्हणजे सिंधुदुर्गाचा विमानतळ, उंचावरच्या कातळी सड्यावर बांधलेला, आणि त्या सड्याच्या खालच्या अंगाला म्हापण, परबांचं गाव. चंद्रप्रकाशचे वडील तिथून गिरणीत कामाला आले ते बोटीनं, आणि पुढे सगळा जन्म ते गावाला गेले ते एसटीत उलट्या काढत. गावावर विमान उतरेल असं कोणी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. कोणा हौशी मुलानं सिम्युलेटरसाठी हा सगळा भाग हुबेहूब उभा करून फुकट वाटला होता. कर्लीची खाडी, माडांच्या रांगा, कौलारू घरं, तांबडा सडा, सगळं. चंद्रप्रकाशना तिथे आपल्या हातानं विमान उतरवायचं होतं. एकदाच, पण नीट, धावपट्टीच्या मधल्या रेघेवर.

समुद्रावरून येताना सगळं झकास असे. जमीन जवळ आली, माड दिसायला लागले की चित्र अडखळे. आत्ता समोर असलेली धावपट्टी पुढच्या क्षणी बाजूला सरकलेली असे, आणि हात सावरेपर्यंत विमान सड्यावर आपटलेलं असे. कित्येकदा आपटलं. मालन आतून म्हणायची, "परत पडलात?" आणि चंद्रप्रकाश निमूटपणे पुन्हा समुद्रावरून सुरुवात करायचे.

पावसाळ्यातल्या एका रविवारी सुबोधनं बाजूला बसून दुखणं शोधून काढलं. तो मालाडला एका औषध कंपनीत खरेदी विभागात होता, बायकोसोबत तिकडेच राहायचा, आणि रविवारी आईबाबांकडे यायचा.

"बाबा, तुमचं ग्राफिक्स कार्ड मस्त आरामात बसलंय. धाप लागतेय ती प्रोसेसरला," तो म्हणाला. "बँकेत कसे काउंटर आठ असतात, पण सही करणारा साहेब एकच? तसंय हे. सिम्युलेटरचं मुख्य काम एकाच जागी अडकतं. तो साहेब पटपट सही करणारा पाहिजे."

"मग बदल की साहेब."

"बदलायचाच आहे. पण कधी, हा खरा प्रश्न आहे."

आणि सुबोध आपल्या आवडत्या विषयावर आला. आहे त्याच मदरबोर्डवर बसेल असा एक प्रोसेसर होता. त्याच्या पोटात जास्तीची मेमरी असते, ती सिम्युलेटरला फार मानवते. पण तो जुन्या पिढीचा. त्यापेक्षा मदरबोर्डापासून सगळंच नवं घेतलं तर पुढची काही वर्षं बघायला नको. पण नवं घ्यायचं तर त्याचीही पुढची पिढी येऊ घातली होती. ती आली की आत्ताच्याचे भाव उतरणार. गणपतीनंतर सेल लागणार. "आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा आहे बाबा," सुबोध म्हणाला. "खरेदीत अर्धं काम थांबण्याचंच असतं." चूक काहीच नव्हतं त्याच्या बोलण्यात. शहाण्या माणसाचं बोलणं असतं तसंच होतं ते.

चंद्रप्रकाशनी मान डोलावली. त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता, पण ते घरात कोणाला माहीत नव्हतं.

उजवा डोळा त्यांचा आधीच अधू झालेला. आता डाव्याच्या पडद्याला सूज आली होती. खिडकीच्या सरळ गजांना मधेच पोक आल्यासारखं दिसे. स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाई डोळ्यात इंजेक्शन देत, आणि चंद्रप्रकाश एकटेच रिक्षानं जाऊन ते घेऊन येत. घरी सांगत, नंबर तपासायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नव्हतं. इंजेक्शननं दुखणं धरून ठेवता येतं, म्हणाल्या, पण किती दिवस ते सांगता येत नाही. कडेचं दिसत राहील, जाईल ते मधलं. "स्क्रीन बघितली तर चालेल ना?" एवढंच चंद्रप्रकाशनी विचारलं. स्क्रीननं काही बिघडत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

हे घरी सांगायला काय हरकत होती? पण घरी सांगितलं की काय होणार ते त्यांना दिसत होतं. मालन देवाला नवस बोलणार आणि सुबोध सगळ्यात आधी कंप्युटरची वायर काढणार. डॉक्टर काय म्हणाले हे कोणी ऐकून घेणार नाही. माया करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं, ती आधी आवडीची वस्तू काढून घेतात आणि मग विचारपूस करतात. म्हणून चंद्रप्रकाशनी ठरवलं, आधी चिपीला उतरायचं आणि मग सांगायचं.

गणपती आले आणि गेले. सेल लागला. सुबोधनं फोनवर सांगितलं की भाव उतरलेत, पण नव्या पिढीची तारीख जाहीर झालीय, थोडं थांबू. मग पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याचं बहुतेक ठरलं होतं. ओळखीचा विकी म्हणून एक दुकानदार होता, त्याच्याकडे माल तयार होता. "आजच घेऊन येतो," सुबोध म्हणाला. चंद्रप्रकाशनी पायात चपलाही सरकवल्या.

मालन स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "खंय चललास?"

"प्रोसेसर आणायला, आई."

"आता? पितरांचो पंधरवडो हा रे. नवीन काय घरात आणूचा नाय. म्हाळ होऊंदे, मगे दसऱ्याक काय ता हाडा."

"आई, प्रोसेसरला कसले पितर?" सुबोध हसत म्हणाला, पण खाली बसलाही. एका अर्थी त्याला बरंच वाटलं होतं. दसऱ्यापर्यंत नवी पिढी बाजारात आलेली असणार, तिच्या चाचण्या यूट्यूबवर आलेल्या असणार, मग डोळे मिटून निर्णय घेता येणार. पितरांवर त्याचा विश्वास नव्हता, पण थांबण्यावर होता. मायलेकांची गाडी वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी पोचली.

"बाबा, तुम्हाला घाई नाही ना?"

दोघंही त्यांच्याकडे बघत होती. मालनच्या सासऱ्यांचं, म्हणजे त्यांच्याच वडिलांचं म्हाळाचं श्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. अळूची पानं आणायची यादी तिच्या डोक्यात चालली असणार. आता एक वाक्य बोललं की झालं, असं चंद्रप्रकाशना वाटलं. घाई आहे, एवढंच. पण मग का, असा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर द्यावं लागणार. उभा जन्म त्यांनी 'थांब' ही खूण केली होती. 'आता' अशी खूण करायची त्यांच्या हातांना सवयच नव्हती.

"नाही रे, मला कसली घाई," ते म्हणाले, आणि चपला काढून पुन्हा कोपऱ्यात ठेवल्या.

म्हाळाच्या दिवशी त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी नैवेद्याच्या पानाची वाडी ठेवली. कावळा आला तो त्यांना नीट दिसला नाही, पंखांची फडफड ऐकू आली. वडिलांना ते मनात म्हणाले, तुम्ही तरी सांगा हिला. मग स्वतःचीच लाज वाटून आत आले. त्या पंधरवड्यात ते रोज चिपीला जात राहिले. चित्र अडखळत होतं, पण धावपट्टी वाकडीतिकडी का होईना, दिसत होती. एकदा तर जवळजवळ जमलंच होतं. चाकं टेकली, पण नेमकं तेव्हाच चित्र अडकलं आणि सुटलं तेव्हा विमान गवतात होतं.

नवरात्राच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दसरा कधी आहे ते बघितलं. ज्या तारखेकडे बघत तीच नाहीशी होई. बाजूच्या तारखा दिसत होत्या. त्यांनी डोळा चोळला, तोंड धुतलं, पुन्हा येऊन उभे राहिले. मालन चहाचा कप घेऊन समोर आली तर तिची साडी दिसली, हातातल्या बांगड्या दिसल्या, पण चेहरा नव्हता. चंद्रप्रकाश 'साखर घातलीस ना' असं काहीतरी म्हणाले आणि चहा प्यायले.

देवीला जातो म्हणून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. आत रक्तस्राव झाला होता. इंजेक्शनं चालू ठेवू, बाई म्हणाल्या, आजूबाजूचं वाचवायला. मधलं आता परत येण्याची आशा फार धरू नका. "घरचं कोणी आलंय का बरोबर?" असं त्यांनी विचारलं तेव्हा चंद्रप्रकाशनी खाली बसलेत म्हणून सांगितलं. परत येताना रिक्षात त्यांना रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं असेल.

तरी त्यांनी घरी सांगितलं नाही. आता तर सांगण्यात काहीच अर्थ उरला नव्हता असं त्यांना वाटलं. शिवाय सुबोधचा फोन आला होता, खोका हातात आलाय, दसऱ्याला घेऊन येतो. पोराचा आवाज इतका खुशीत होता की त्यावर पाणी ओतणं त्यांना जमलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सुबोध सकाळीच आला. मालन पुऱ्या तळत होती. कंप्युटरचा डबा उघडून सुबोध जमिनीवर बसला, जुना प्रोसेसर काढला, त्यावरची वाळलेली पेस्ट पुसली, नवा बसवला.

"शेवटी कुठला घेतलास?" चंद्रप्रकाशनी विचारलं.

"गंमत सांगू? तोच. जुन्या बोर्डवर बसणारा." सुबोध हसला. "नवी पिढी आली, सगळ्या चाचण्या बघितल्या. तुमच्या कामाला फरक फार नाही. उगाच सगळं बदलायचं कशाला? हाच झकास आहे."

हाच, जो पावसाळ्यात मिळत होता. मालननं येऊन डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, जॉयस्टिकवर आपट्याचं पान ठेवलं. मग म्हणाली, "आता बसा. बघूया उतरता काय."

सुबोधनं समुद्रावरून सुरुवात लावून दिली. चंद्रप्रकाश खुर्चीत बसले. जॉयस्टिक हाताला ओळखीची होती, इंजिनाचा आवाज ओळखीचा होता. समोर मधोमध भिंतीला ओल आल्यासारखा करडा डाग होता, आणि डागाच्या कडेनं चित्र सरकत होतं. डाव्या हाताला खाडीचं पाणी आलं. मग माड आले. चंद्रप्रकाशनी श्वास धरला, कारण इथेच नेहमी धक्का बसे. पण धक्का बसला नाही. माड एकामागून एक शांतपणे मागे जात राहिले, मग घरांची कौलं गेली. इतकं नितळ त्यांनी त्या पडद्यावर कधी बघितलं नव्हतं.

"बघा," सुबोध मागून म्हणाला. "आहे का कुठे अडखळ?"

"नाही रे. झकास चाललंय." हे अगदी खरं होतं. कडेचं सगळं झकास चाललं होतं.

विमानातला आवाज उंची सांगायला लागला. आता धावपट्टी समोर यायची, ती डागाच्या आत कुठेतरी आली असणार. चंद्रप्रकाशनी मान जराशी वळवून तिला कडेला आणायचा प्रयत्न केला, पण त्या बारीक पट्टीचं नुसतं धुकं झालं.

"बाबा, उजवीकडे जाताय," सुबोध म्हणाला. "डावीकडे घ्या. अहो, धावपट्टी समोर आहे ना?"

चंद्रप्रकाशनी जॉयस्टिक सोडली, दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावर त्यांची फुली केली.

सुबोध लहान असताना चाळीच्या लांब गॅलरीत ते दोघं हा खेळ खेळायचे. सुबोध तीनचाकी सायकलवर, आणि बाप दोन बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन समोर. सगळ्या खुणा बापानं त्यालाही शिकवल्या होत्या. फुली म्हणजे थांब, मग काहीही होवो. कित्येक वर्षांत ती खूण घरात कोणी केली नव्हती. सुबोधचा हात आपोआप की-बोर्डवर गेला आणि विमान हवेतच थांबलं.

"काय झालं बाबा?"

"मधलं दिसत नाही मला." त्यांनी हात खाली घेतले. "धावपट्टी दिसत नाही. तुझा चेहरा पण नाही दिसत."

"कधीपासून?" सुबोधनं विचारलं तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"नवरात्रात गेलं. त्याच्या आधी वाकडं दिसत होतं, पण दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जाईल म्हणून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? मी विचारलं होतं बाबा, घाई नाही ना म्हणून."

"विचारलं होतंस. मीच नाही म्हटलं." सुबोधला बरं वाटावं म्हणून ते असं म्हणाले, पण त्यानं कोणालाच बरं वाटलं नाही. सुबोधचं लक्ष जमिनीवरच्या रिकाम्या खोक्याकडे गेलं आणि तो तिथेच खाली बसला. मालन दारात उभी होती. तिच्या बोटांवर अजून कुंकू होतं.

"माका सांगूक नाय तुमी," ती म्हणाली. मग बोटं पदराला पुसत म्हणाली, "पितरांनी नाय अडवल्यानी. मीच अडवलंय." ती रडत होती हे चंद्रप्रकाशना आवाजावरून कळलं.

सुबोध उठला आणि स्क्रीनच्या बटणाकडे हात नेऊ लागला. ती हालचाल कडेनं दिसली.

"बंद करू नको," चंद्रप्रकाश म्हणाले. "विमान असं वर टांगून कोणी उठतं का?"

"पण उतरवणार कसं?"

"तू उतरव. तू समोर बघ, मी तुझ्याकडे बघतो. कडेचं दिसतं मला. तिथे उभा राहा, डावीकडे. हातात काहीतरी चमकणारं घे, म्हणजे बरं."

मालन आत गेली आणि पुऱ्यांचा झारा आणि उलथनं घेऊन आली. दोन्ही पुसून तिनं मुलाच्या हातात दिली. सुबोध टेबलाच्या डाव्या अंगाला, स्क्रीन आपल्यालाही दिसेल असा उभा राहिला, आणि मालननं चंद्रप्रकाशनी सांगितलेली कळ दाबून विमान सोडलं.

चंद्रप्रकाशनी तोंड समोरच ठेवलं. डोळ्याच्या कडेला दोन चकचकीत ठिपके होते. डावा ठिपका हलायला लागला, तसा त्यांनी हात डावीकडे नेला. दोन्ही ठिपके सरळ वर आले, म्हणजे सरळ ये. उजवा थोडा हलला, मग थांबला. हळू. आणखी हळू. पोराच्या खुणा स्वच्छ होत्या, कुठेही घाई नव्हती, शिकवल्या होत्या तशाच होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच चंद्रप्रकाश त्या खुणांच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, आणि आपल्यावर इतकी वर्षं कोणीतरी किती भरवसा टाकत होतं ते त्यांना आज कळत होतं. खाली चाकं टेकल्याचा आवाज आला. कडेचे माड हळू झाले, आणखी हळू झाले.

दोन्ही ठिपके वर गेले आणि एकमेकांना छेदून थांबले. चंद्रप्रकाशनी ब्रेक लावला.

विमान रेघेवर उतरलं की गवतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि सुबोधनंही सांगितलं नाही. तो तसाच उभा होता. विमान पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत फुली मोडायची नाही, हे त्याला बापानंच शिकवलं होतं. त्याचे हात खाली येत नव्हते. चंद्रप्रकाशनी चाचपडत बटण शोधलं आणि इंजिन बंद केलं.

"थांबलंय रे," ते म्हणाले. "हात खाली घे आता."